‘कप टीपॉयवर ठेव’

पत्र नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या सदतीस वर्षांच्या, यजमान चव्वेचाळीसचे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मुलगी अकरा वर्षांची. यजमान अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. तीन वर्षांपूर्वी ते एका मित्राबरोबर सत्संगाला जायला लागले. आधी गुटखा सुटला, चिडचिड कमी झाली, घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. मग गळ्यात माळ आली. पहाटे चारला उठून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रामकुंडावर स्नानाला जाणं सुरू झालं. गेल्या सव्वा वर्षापासून ते हॉलमध्ये चटई टाकून झोपतात. आता ते म्हणतात, सिंहस्थात पहिल्या अमृतस्नानाला आजन्म ब्रह्मचर्याचा संकल्प करणार. घर सोडणार नाहीत, नोकरी सोडणार नाहीत. ‘लक्ष्मणानं चौदा वर्षं केलं, मला का जमू नये?’ सत्संगातले एक वडीलधारे म्हणाले की बायको हेच मोहमायेचं मूळ असतं. सासूबाई म्हणतात, ‘दारू नाही, बाहेरचं लफडं नाही, देवाचं करतो. अजून काय हवं तुला?’

भाऊ मात्र भडकला आहे. नांदायला आणण्याचा दावा लावू म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की तिकडे उत्तराखंडात एकत्र राहायचं तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, पाच-सात वर्षांत कोण कुणाबरोबर नांदतं हे सगळं सरकारच्या कॉम्प्युटरवर असेल, तेव्हा आपण आधीच कोर्टाचा हुकूम घेऊन ठेवलेला बरा.

त्या विचारतात: ‘मी माहेरपासून वारकरी. दरवर्षी आईबरोबर पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाते. मला देव नको असं नाही. पण मी ह्यांच्या भक्तीच्या आड येतेय का? माझ्या शरीराला जे वाटतं ते पाप आहे का? आणि कोर्टात जाऊ का? परवा मी चहा दिला तर त्यांनी कप हातातून घेतला नाही. ‘टीपॉयवर ठेव’ म्हणाले. त्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडले.’

*

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला तुमचं पत्र समजलं ते शेवटच्या ओळींत. नवरा सव्वा वर्ष हॉलमध्ये झोपतोय हे लिहिताना तुमचं अक्षर सरळ आहे. कपाशी आल्यावर शाई फुटली आहे. म्हणून आधी कपाबद्दलच बोलू.

शरीरसंबंध थांबवणं ही एक गोष्ट आणि बायकोच्या बोटाला बोट लागू नये म्हणून कप टीपॉयवर ठेवायला लावणं ही दुसरी. पहिल्या गोष्टीला व्रत म्हणता येईल, त्याबद्दल पुढे लिहिते. दुसरीत मात्र ज्या बाईनं पंधरा वर्षं डबा भरून दिला, आजारपणं काढली, ती एकदम विटाळासारखी झाली. तुम्हाला रडू आलं ते ह्याचं, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर सांगा. पण एक करा. वही घ्या आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते स्वतःपुरतं लिहून काढा. संबंध हवा आहे? शेजारी झोपणं हवंय? डोक्यावरून हात फिरवणं, दिवसभराचं बोलणं, कुणीतरी ‘दमलीस का’ विचारणं? बऱ्याच बायका ‘ते’ हवंय असं म्हणतात तेव्हा त्यात ह्या चार-पाच गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यातली एकच मिळाली तरी अर्धं ओझं उतरतं. आणि ‘ते’च हवं असेल तर तसंच लिहा. वही तुमची आहे.

आता पापाचं. शरीराला वाटणं हे पाप नाही. हे मी आजकालच्या विचारांच्या जोरावर सांगत नाहीये. तुमच्या लग्नात सप्तपदीच्या आधी भटजींनी तुमच्या यजमानांकडून एक शब्द घेतला होता. ‘धर्मे च अर्थे च कामे च’ असं म्हणून विचारलं आणि त्यांनी म्हटलं, ‘नातिचरामि’. म्हणजे धर्मात, पैशाअडक्यात आणि कामात मी हिला ओलांडून जाणार नाही. काम हा शब्द त्यात चोरून आलेला नाही, धर्माच्या पंगतीलाच बसलेला आहे. अग्नीसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्हाला तो दिला गेला. तुम्ही त्याची आठवण काढली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्या वडीलधाऱ्यांनी मोहमायेचं जे सांगितलं ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण आपल्याच परंपरेत ह्याच्या बरोबर उलटं किती सुंदर सांगून ठेवलंय. निवृत्तिनाथांच्या शिष्यानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, ज्ञानोबांनी ‘अमृतानुभव’ लिहिला, त्याचं पहिलं प्रकरण शिव आणि शक्ती ह्या दांपत्याला वंदन करणारं आहे. एकमेकांवाचून ज्यांचं अस्तित्वच नाही असं ते जोडपं. अद्वैत समजावून सांगायला त्या विशीतल्या संन्याशाच्या पोराला नवरा-बायकोच्या प्रेमाहून जवळचा दाखला सापडला नाही.

‘संन्याशाची पोरं’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. तुम्ही दर पौषात ज्यांच्या समाधीवर डोकं ठेवता, ते निवृत्तिनाथ तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नातूनच जन्माला आले. परंपरेनं सांगितलेली कथा तुम्हाला पाठ असेल, तरी ह्यावेळी रुक्मिणीबाईंच्या बाजूनं ऐका. विठ्ठलपंतांना वैराग्य आलं. बायकोला आळंदीत सोडून ते काशीला गेले आणि आपण विवाहित आहोत हे लपवून त्यांनी संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीला पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. एके दिवशी एक सत्पुरुष तिथं आले, त्यांनी त्यांना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. त्या म्हणाल्या, ‘तो कसा फळणार? यजमान तर संन्यासी झालेत.’ तो सत्पुरुष म्हणजे विठ्ठलपंतांचेच गुरू निघाले. सगळं कळल्यावर ते काशीला परत गेले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा, संसार कर.

ताई, ह्या कथेत गुरूनं शिष्याच्या वैराग्याला खोटं म्हटलं नाही. पण बायकोच्या नकळत घेतलेलं व्रत त्यानं परत करायला लावलं. तुमच्या यजमानांच्या सत्संगात असं कुणी विचारलं का, ‘घरी बायकोशी बोललास का?’ विचारलं नसेल तर ते तुम्ही विचारायचं आहे, आणि त्यात भक्तीच्या आड येण्यासारखं काही नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकं जवळ आहे. टाकळीला नासर्डी आणि गोदावरीच्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं असं मानतात. ते कुठून निघाले होते? ‘सावधान’ हा शब्द कानावर पडला आणि मांडवातूनच निघाले, अशी कथा आहे. आजन्म ब्रह्मचर्य ज्याला हवं होतं तो माळ पडायच्या आधी उठला. यजमान लक्ष्मणाचं नाव घेतात, तर त्याच गोष्टीत उर्मिलाही आहे. तपोवनात लक्ष्मणाची गोष्ट सांगताना तिचं नाव क्वचितच निघतं, म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. आणि त्याच पंचवटीत राम वल्कलं नेसून, कंदमुळं खाऊन राहिला तो सीतेला बरोबर घेऊन राहिला.

इतकं सगळं तुमच्या बाजूनं बोलले. आता जे लिहिते ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्या यजमानांना ‘नको’ म्हणायचा हक्क आहे. आज, उद्या, सव्वा वर्ष, कितीही. त्यांचं शरीर त्यांचं आहे. आपल्या देशात आजही बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती कायदा बलात्कार मानत नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनंही तो अपवाद तसाच ठेवला. ह्याच सदरात मी त्यावर किती वेळा लिहिलंय, कारण ‘नको’ म्हणणाऱ्या बायकांची पत्रं माझ्याकडे येत राहतात. त्या ‘नको’ला मान हवा असं मी म्हणत असेन तर पुरुषाच्या ‘नको’लाही तोच मान द्यायला हवा. ‘नातिचरामि’ म्हटलं म्हणून शरीर गहाण पडत नाही.

मग तुमची तक्रार कशाबद्दल? मला ती अशी दिसते. आज नको म्हणणं त्यांच्या एकट्याच्या अखत्यारीत आहे. पण आपल्या दोघांमध्ये हे आता कधीच नसेल आणि तरी आपण नवरा-बायको म्हणून एका घरात राहू, हे त्यांना एकट्यानं ठरवता येणार नाही. तो तुमच्याही उरलेल्या आयुष्याचा निर्णय आहे. तुम्ही सदतीसच्या आहात. संकल्प सोडताना हातात पाणी त्यांच्या असेल, पण त्या पाण्यात तुमचीही वर्षं आहेत. त्यांच्या ‘नको’वर तुमचा हक्क नाही, पण तुम्हाला विचारलं जाण्यावर आहे. बोलताना ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर भांडण निम्म्यानं कमी होईल. नाहीतर ते म्हणतील ‘तुला माझं शरीर हवंय’ आणि तुम्ही म्हणाल ‘तुम्हाला मी नकोशी झालेय’, आणि दोघंही खरं बोलत नसाल.

आणखी एक गोष्ट हळूच विचारते. हे सगळं भक्तीमुळेच आहे ह्याची तुम्हाला खात्री आहे? चव्वेचाळीस वय, वर्षानुवर्षं रात्रपाळ्या, गुटख्याची जुनी सवय. मधुमेह, रक्तदाब, त्यांवरची काही औषधं, नैराश्य, ह्या सगळ्यांनी पुरुषाची इच्छा आणि क्षमता दोन्ही कमी होतात. पुरुष ते सहसा बोलत नाहीत. एक-दोनदा जमलं नाही की घाबरतात, टाळायला लागतात आणि टाळायला एखादं मोठं, मानाचं कारण मिळालं तर त्यात शिरून बसतात. त्यांची भक्ती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. भक्ती खरी असेल आणि तिच्या आडोशाला एक भीतीही बसलेली असेल, असं होऊ शकतं. आठवून पाहा, हॉलमध्ये चटई जायच्या आधीच्या दोन-चार महिन्यांत काय झालं होतं? शेवटची शुगर कधी तपासली? ‘दोघांचंही चेकअप करून येऊ’ असं म्हणून फॅमिली डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरांना आधी एकट्या भेटून सांगून ठेवा.

आता कोर्टाचं. भावाचं प्रेम मला दिसतं, पण त्याचा रस्ता चुकलाय.

तो म्हणतो तो दावा म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. जोडीदार सबळ कारणाशिवाय सहवास सोडून गेला असेल तर हा दावा लावतात. तुमचे यजमान त्याच घरात राहतात, पगार देतात, जेवतात. दावा टिकेल का इथंच पहिली शंका. समजा टिकला आणि हुकूम मिळाला, तर पोलीस येऊन त्यांची चटई उचलून बेडरूममध्ये टाकणार नाहीत. असा हुकूम पाळला नाही तर कोर्ट फार तर मालमत्तेवर जप्ती आणू शकतं. एकत्र राहा असं कोर्ट सांगतं, जवळ घे असं कोणतंच कोर्ट सांगू शकत नाही. आणि तुमच्या भावाला बहुधा माहीत नसलेली गोष्ट ही, की हुकूमानंतर वर्षभर नांदणं झालं नाही तर त्याच आधारावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. दोघांपैकी कुणालाही, ताई. नवऱ्याला घरात आणायला लावलेला दावा उद्या त्यांच्याच हातात बाहेर जायची वाट देऊ शकतो. तुम्हाला घटस्फोट हवा असेल तर तो सरळ मागायचे मार्ग आहेत. न बोलता अशा वाटेनं तिथं पोचायची गरज नाही.

ह्या दाव्याचा इतिहास आपल्या घरचाच आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाई मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही रखमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो विलायतेतून आलाय, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. धर्म बुडाला म्हणून इकडे ‘केसरी’नं त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. ज्या इंग्लंडातून हा दावा आपल्याकडे आला त्या इंग्लंडनं तो १९७० मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्रच्या हायकोर्टानं कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा उचलून धरलं. बाईला फरफटत नेण्यासाठी वापरलेलं हत्यार आहे हे. तुमच्या हातात शोभणार नाही.

कायद्यात एक तरतूद मात्र तुम्हाला ठाऊक असावी. एखाद्या धार्मिक पंथात प्रवेश करून जोडीदारानं संसाराचा त्याग केला, म्हणजे खराखुरा संन्यास घेतला, तर तेवढ्यावर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. घरी राहून, नोकरी करून केलेला ब्रह्मचर्याचा संकल्प त्यात बसेल असं वाटत नाही. पण शारीरिक कारण नसताना, योग्य कारणाशिवाय, एकतर्फी ठरवून दीर्घकाळ संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलेलं आहे. उद्याच वापरा असं नाही. आपण कोपऱ्यात अडकलेल्या नाही, एवढं माहीत असलं की माणूस शांतपणे बोलू शकतो, म्हणून सांगितलं.

भाऊ म्हणतो तो पाच-सात वर्षांनंतरचा काळ. मी त्याची कल्पना करून पाहिली. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली, महिन्याभरात केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, हे खरं आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला राज्य पातळीवर समिती नेमली गेली, हेही खरं. समजा हे असंच वाढत गेलं आणि एक दिवस नवरा-बायकोंनाही फॉर्म आला. एकत्र राहता का? हो किंवा नाही. एका खोलीत? कारण धार्मिक असल्यास संप्रदायाचं नाव लिहा, संप्रदायाचा दाखला जोडा. भावाला वाटतं की त्या दिवशी सरकार तुमच्या बाजूनं घरात शिरेल. पण जे सरकार आज तुमच्यासाठी तुमच्या यजमानांना आत ढकलेल, तेच उद्या दुसऱ्या एखाद्या बाईला ‘नांदायला का जात नाहीस’ विचारेल आणि परवा तुमची मुलगी कुणाबरोबर राहते ह्याचा दाखला मागेल. एकदा दार उघडलं की कोण आत यावं हे आपण ठरवू शकत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि त्याच्या गाभ्यात घर, लग्न, जवळीक ह्यांचा स्पष्ट उल्लेख केला. तो हक्क रागाच्या भरात स्वतःहून सोडून देऊ नका.

आणि हे काही पुढच्या काळातलं नवीन संकट नाही. विठ्ठलपंत घरी परतल्यावर काय झालं? संन्यासी पुन्हा संसारात आला म्हणून समाजानं वाळीत टाकलं. पुढे नवरा-बायकोला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि पोरं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. ह्याच गोदावरीच्या काठानं. चार लेकरं, आणि त्यांच्या आई-बापांनी एकमेकांजवळ यावं की नाही ह्याचा कागद. ज्यांचे अभंग आपण आज डोक्यावर घेतो त्यांना तो कागद मागावा लागला. धर्माची सभा असो नाहीतर सरकारी खिडकी, दोन माणसांच्या जवळिकीचा दाखला देण्याची ताकद तिला दिली की ती आधी शुद्ध-अशुद्ध ठरवायला बसते.

मग करायचं काय? आधी बोला. पण रात्री नको आणि बेडरूमच्या दारात तर नकोच. ते गंगेवरून येतात तेव्हा त्यांचं मन शांत असेल. एखाद्या रविवारी त्यांच्याबरोबर तुम्हीही पहाटे जा. स्नान झाल्यावर घाटाच्या पायरीवर बसा. रामकुंडापाशी गर्दी असते, थोडं पुढे चालत जा. तिथं कपापासून सुरुवात करा. ‘तुम्ही माझ्या हातून कप घेतला नाहीत, मला फार लागलं.’ एवढंच. लगेच ब्रह्मचर्यावर जाऊ नका. ऐकून घेतलं तर दुसरा प्रश्न, ‘तुमच्या ह्या संकल्पात मी कुठे आहे?’ उत्तर लगेच येणार नाही. येऊ नये सुद्धा. आठवडाभर थांबा.

आणि एक मधला मार्ग पुढे ठेवा. आपल्याकडे व्रताला मुदत असते, उद्यापन असतं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे चातुर्मासातच. ‘आजन्म’ ऐवजी त्या चातुर्मासापुरतं व्रत घ्या, मी मनापासून साथ देते, आणि उद्यापनाला पुन्हा दोघं बसून ठरवू, असं म्हणून पाहा. तुम्हाला हे मनापासून पटलं तरच म्हणा हं. तुमच्या संमतीनं घेतलेलं चार महिन्यांचं व्रत आणि तुमच्या पाठीमागे घेतलेलं आजन्म व्रत ह्यांतलं कुठलं अधिक पुण्याचं, हे त्यांनी आपल्या गुरूंनाच विचारावं. जमलं तर गुरूंना दोघं मिळून भेटा. ते बायकोचं ऐकूनच घेणार नसतील तर तेही एक उत्तर आहे.

पैशाकडे डोळेझाक करू नका. संकल्पाच्या भरात माणसं दानही करून बसतात. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती राहिलं, दरमहा संस्थेला किती जातं, मुलीच्या नावानं काय ठेवलंय, हे कागद काढून पाहा. भांडण म्हणून नव्हे, कुठल्याही बाईला हे ठाऊक हवंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार ज्या घरात तुम्ही नांदता तिथं राहायचा तुम्हाला हक्क आहे, घर तुमच्या नावावर नसलं तरी. वकिलाचा सल्ला हवाच असेल तर भावाच्या ओळखीतला नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नसताना मोफत सल्ला मिळतो, १५१०० वर फोनही करता येतो. त्यांना सांगा, दावा लावायचा नाहीये, माझी बाजू काय आहे एवढंच समजून घ्यायचंय.

मुलगी अकराची आहे. तिला सगळं दिसतं. ‘बाबा हॉलमध्ये का झोपतात’ असं तिनं विचारलं की ‘त्यांची पूजा असते पहाटे’ म्हणून उडवून लावू नका. ‘आमचं दोघांचं त्यावर बोलणं चाललंय’ एवढं सांगा. देव आणि आई एकमेकांविरुद्ध उभे आहेत असं तिला वाटायला नको. सासूबाईंशी ह्या विषयावर वाद घालू नका. ‘दारू पीत नाही’ हे त्यांच्या पिढीतल्या बायकांनी भीतभीत मोजलेलं सुख आहे, त्यांच्याशी भांडून ते तुमच्या मापाचं होणार नाही.

तुमच्यासारख्या आणखी काहीजणींना, काहीजणांनाही, हे लागू पडेल. गेल्या वर्षी एका गृहस्थांचं पत्र होतं, त्यांची बायको साधनेत गेली होती आणि त्यांना हेच कळत नव्हतं की आपण पुरुष म्हणून चुकलो की भक्त म्हणून कमी पडलो. त्यांनाही मी हेच लिहिलं असतं. आणि अशीही जोडपी आहेत जिथं दोघांनी मिळून हा निर्णय घेतला, गळ्यात दोघांच्याही माळ आहे आणि दोघं एकमेकांना हातानं भाकरी वाढतात. त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही.

हे सगळं करूनही ते नाहीच म्हणाले, तर? तर तुम्ही ठरवायचं. सोबती म्हणून त्याच घरात राहणं हा एक पर्याय आहे, पण तो तुम्ही निवडलेला असू दे, अंगावर येऊन पडलेला नको. कप हातातून घेणं ही त्यातली पहिली अट. किंवा परस्परसंमतीनं वेगळं होणं, हाही पर्यायच आहे, त्यात देवाचा अपमान नाही. कुठलंही उत्तर आजच द्यायला हवं असं नाही.

माझी एक आत्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहायची. तिचे यजमान पस्तिशीत भजनाला लागले आणि माडीवर वेगळे राहायला गेले. ती रोज पितळी तांब्या भरून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायची, ते तो उचलून घ्यायचे. पस्तीस वर्षं. ते गेल्यावर तेराव्याच्या रात्री मी तिच्याजवळ बसले होते. तो तांब्या चिंचेनं घासता घासता ती म्हणाली, ‘मला एकदा विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं गं.’ घासून झाल्यावर तिनं तो तिसऱ्या पायरीवरच नेऊन ठेवला.

म्हणून ताई, रविवारची वाट बघू नका. उद्या सकाळी चहा करा, कप हातातच धरून उभ्या राहा आणि सांगा, ‘हातातून घ्या.’ ते घेतात का, की पुन्हा टीपॉयकडे बघतात, ते मला कळवा. पुढचं पत्र मी त्यावरून लिहीन.